विमानचालकाचा हेडसेट : निवड, जुळणी आणि निगा

चलथाण, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात आपला समाज स्थिरावला तो बहुतांशी यंत्रमाग, प्रोसेसिंग मिल आणि साखर कारखान्याच्या आधाराने. एक पिढी मशीनच्या आवाजात उभी राहिली आणि आता तिच्याच घरातील काही मुलामुलींना वैमानिक व्हायचे आहे. आपली मुळे खानदेशातली, त्यामुळे पालकांची पहिली नजर धुळ्याकडे वळते. १९२८ साली मुंबईत सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण प्रशिक्षण धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळावर चालते. जे. आर. डी. टाटा याच क्लबात विमान चालवायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. कडोदरा चौकडीवरून बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत गेले की धुळे येते. त्याशिवाय शिरपूर, बारामती, गोंदिया येथेही उड्डाण प्रशिक्षणाची सोय आहे.

प्रशिक्षणाचा एकूण खर्च ४०-५० लाखांच्या घरात जातो. त्या हिशेबात हेडसेटची ओळ लहान दिसते, म्हणून घाईत काहीतरी घेतले जाते किंवा संस्थेचा सामायिक हेडसेट वापरून वेळ मारून नेली जाते. आमच्या मते ही बचत चुकीच्या जागी होते. हेडसेट हे रेडिओ ऐकण्याचे साधन आहे आणि कान वाचवण्याचेही. त्यातले दुसरे काम पालकांच्या लक्षात क्वचित येते.

कान का वाचवायचे

प्रशिक्षणासाठी वापरतात ती सेस्ना १७२ सारखी एक इंजिनाची विमाने आतून चांगलीच गोंगाटी असतात. कॉकपिटमधला आवाज ९० डेसिबलच्या आसपास आणि पूर्ण शक्तीवर त्याहूनही वर जातो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागते. म्हणजे पहिली नोकरी लागायच्या आधीच २०० तास हा आवाज कानावर पडलेला असतो.

वैमानिकाच्या पहिल्या वर्गाच्या वैद्यकीय तपासणीत कानांची यंत्रावर चाचणी होते. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की कोणत्याही एका कानाची श्रवणहानी ५००, १००० आणि २००० हर्ट्‌झवर ३५ डेसिबलपेक्षा आणि ३००० हर्ट्‌झवर ५० डेसिबलपेक्षा जास्त नसावी. आवाजामुळे होणारी हानी बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते आणि मग दोन्ही बाजूंना पसरते. म्हणजे नियमातल्या आकड्यांवर परिणाम दिसू लागतो तेव्हा कान बरेच आधी बिघडायला लागलेले असतात. ही हानी औषधाने भरून येत नाही. म्हणून पहिल्या तपासणीच्या वेळचा श्रवण आलेख जपून ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत ४००० हर्ट्‌झवरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. उत्तीर्ण असा शेरा मिळाला तरी हा आकडा खाली सरकलेला असू शकतो.

आपल्याकडे आणखी एक बाब आहे. वडिलांच्या खात्यात सुट्टीच्या दिवसांत मदतीला जाणारी, किंवा कॉलेजची फी उभी करण्यासाठी पाळी करणारी मुले आहेत. धोट्याच्या मागाचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. अशा मुलाने विमानात कितीही चांगला हेडसेट लावला आणि खात्यात मोकळ्या कानाने उभा राहिला, तर हेडसेटचा काय उपयोग? त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

दोन प्रकार

पहिला प्रकार पॅसिव्ह, म्हणजे नुसता बंदिस्त. कानावर जाड कप, त्याला मऊ गादी, आणि दोन्ही कप डोक्यावर घट्ट धरणारा पट्टा. आवाज आत शिरायला फट राहू नये, एवढेच त्याचे तत्त्व. चांगला पॅसिव्ह हेडसेट कागदोपत्री २३-२४ डेसिबल आवाज कमी करतो. डेव्हिड क्लार्क या अमेरिकन कंपनीचे हिरवे हेडसेट जगभरच्या फ्लाइंग क्लबांत दिसतात ते याच जातीचे. त्यात सेल नाही, सर्किट नाही, बिघडण्यासारखे फार काही नाही.

दुसरा प्रकार एएनआर, म्हणजे आवाज सक्रियपणे कमी करणारा. कपाच्या आत एक बारीक माइक असतो. तो आत शिरलेला आवाज टिपतो आणि सर्किट त्याच आवाजाची उलटी लहर स्पीकरमधून सोडते. तळ्यात एका लाटेचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकाच जागी आले की पाणी सपाट होते, तसाच हा प्रकार. कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना तिचे अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळाले. पण ती विमानात उतरवली अमर बोस यांनी. बंगाली वडिलांचे हे पुत्र अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक होते. १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानाने दिलेल्या हेडफोनमधून संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी त्याच प्रवासात गणित मांडायला सुरुवात केली. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटन आणि जीना येगर यांनी व्हॉयेजर विमानातून वाटेत न उतरता, इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा बोस यांचे नमुना हेडसेट त्यांच्या कानांवर होते. १९८९ मध्ये ते बाजारात आले.

एएनआरबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो की तो सगळाच आवाज पुसतो. तसे नाही. इंजिन आणि पंख्याची जाड, सलग घरघर तो छान कमी करतो. बारीक, तीक्ष्ण किंवा एकदम उठणारा आवाज अडवायचे काम त्यातही गादी आणि कपच करतात. म्हणून गादी फाटलेला महागडा एएनआर हा अर्धाच हेडसेट असतो.

किमतीत फरक मोठा आहे. साधा पॅसिव्ह १५ हजारांच्या आसपास सुरू होतो, नामांकित पॅसिव्ह ३०-४० हजारांपर्यंत जातो, आणि नामांकित एएनआर लाखाच्या घरात किंवा वर. आमचा सल्ला विचाराल तर पहिल्या २०० तासांसाठी चांगला पॅसिव्ह पुरतो. कर्ज काढून एएनआर घेण्याची गरज नाही. इंजिनाचा आवाज ओळखायला शिकण्याच्या काळात तो थोडा ऐकू आलेलाच बरा. २००७ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेनेही वैमानिकांना कळवले होते की असे हेडसेट लावल्यावर धोक्याच्या घंटा आणि यंत्रातले बदललेले आवाज ऐकू येतात की नाही, हे आधी तपासून घ्यावे. मात्र ज्याला डोकेदुखीचा त्रास आहे किंवा जो दिवसात दोन-दोन उड्डाणे करतो त्याला एएनआरने थकवा खरोखर कमी जाणवतो, हेही मान्य केले पाहिजे.

खरेदीपूर्वी प्लग पाहावा. प्रशिक्षणाच्या विमानांना दोन वेगळ्या जाडीचे प्लग लागतात. ऐकण्याचा जाड, ६.३५ मिलिमीटरचा, माइकचा किंचित बारीक, सुमारे ५.२ मिलिमीटरचा. हेलिकॉप्टरचा हेडसेट एकाच प्लगचा असतो आणि एअरबससारख्या प्रवासी विमानांत तिसऱ्याच घडणीचा लागतो. स्वस्तात मिळाला म्हणून हेलिकॉप्टरचा हेडसेट घेतला तर जोडणीचा खर्च आणि कटकट मागे लागते.

डोक्यावर बसवणे

दोन्ही बाजूंच्या सरकपट्ट्या आधी पूर्ण खाली ओढाव्यात. कप कानांवर ठेवावेत, मग पट्टा टाळूला हलका टेकेपर्यंत दोन्ही बाजू सारख्या वर सराव्यात. संपूर्ण कान गादीच्या आत बसला पाहिजे. कानाची पाळी गादीखाली दबली तर पंधरा मिनिटांत ठणकू लागते आणि तिथूनच आवाजही शिरतो. कानातले डूल, बाळी, कुडी उड्डाणाआधी काढून ठेवावी. लांब केस कपाखालून मागे घ्यावेत. वेणी किंवा अंबाडा टाळूवर नको, मानेजवळ असावा.

चष्म्याची जाड काडी हा तर गादीचा शत्रूच. काडीमुळे पडलेली बारीक फट दिसत नाही, पण कित्येक डेसिबल आवाज तिथून आत येतो. उड्डाणासाठी पातळ, सरळ, धातूच्या काडीचा चष्मा वेगळा करून घ्यावा. त्याला लागणारे हजार-दीड हजार रुपये महाग हेडसेटपेक्षा जास्त फायदा देतात. एएनआरमध्ये फट असेल तर कधी कधी कानात धडधड किंवा दाब जाणवतो; पुष्कळ मुले ती हेडसेटची खराबी समजतात.

नीट बसला की नाही हे पाहण्याची सोपी रीत : इंजिन सुरू असताना जमिनीवरच दोन्ही तळहातांनी कप हलके दाबावेत. आवाज एकदम कमी झाला तर गादी नीट टेकलेली नव्हती असे समजावे आणि पुन्हा जुळवावे. फारसा फरक पडला नाही तर ठीक.

नवा पॅसिव्ह हेडसेट डोक्याला आवळतो. तो सैल व्हावा म्हणून रात्रभर रुंद डब्यावर ताणून ठेवायची युक्ती मुले एकमेकांना सांगतात. आम्ही ती सुचवणार नाही. तो आवळच आवाज अडवतो. टाळूवरची मऊ पट्टी बदलून किंवा जेल भरलेली गादी लावून त्रास कमी होतो, आणि आठ-दहा उड्डाणांत डोकेही सरावते.

माइक

हेडसेटचा माइक जवळचा आवाज घेतो आणि लांबचा टाकतो. तो ओठांपासून दूर गेला की इंजिन आणि बोलणे त्याला सारखेच वाटू लागते. ओठांच्या कडेशी, जवळजवळ टेकेल असा, म्हणजे तीन-चार मिलिमीटरवर ठेवावा. तोंडाच्या अगदी समोर नको, श्वासाचा फुसफुसाट जातो. बऱ्याच माइकना बोलण्याची बाजू ठरलेली असते, तिच्यावर खूण असते. ती ओठांकडे हवी. फोमची टोपी काढून बोलू नये.

हनुवटीखाली माइक लोंबत ठेवून मोठ्याने ओरडणारे विद्यार्थी प्रशिक्षकांना रोज भेटतात. टॉवरला त्यांचे निम्मे शब्द कळत नाहीत, मग पुन्हा विचारणा होते, आणि उतरण्याच्या गडबडीत लक्ष रेडिओत अडकते. परीक्षेसाठी घरी रेडिओचे इंग्रजी पाठ केलेल्या मुलालाही हे सांगावे लागते.

आवाजाची पातळी आणि स्टिरिओचे बटण

हेडसेटच्या दोन्ही बाजूंना आवाजाची बटणे असतात, विमानातही असतात. दोन्हीकडे फिरवत बसले की कोणते कुठे होते ते कळत नाही. सरळ पद्धत अशी की हेडसेटवरची दोन्ही बटणे पूर्ण उघडावीत आणि कमीजास्त विमानाच्या बटणाने करावे. रेडिओ नीट समजेल इतकाच ठेवावा. गादी खराब असल्यामुळे इंजिन ऐकू येते, इंजिनावर मात करायला रेडिओ वाढवला जातो, आणि कानाला दोघांचाही मार बसतो.

मोनो-स्टिरिओचे लहानसे बटण पुष्कळ हेडसेटवर असते. जुन्या प्रशिक्षण विमानांत मोनो जोडणी असते. तिथे बटण स्टिरिओवर राहिले तर एकाच कानात ऐकू येते. दुसरा कप बंद पडला असे समजून हेडसेट दुरुस्तीला पाठवण्याआधी हे बटण पाहावे.

काहीच ऐकू येत नसेल किंवा आपले बोलणे जात नसेल तर पहिला संशय प्लगवर घ्यावा. माइकचा प्लग पूर्ण आत गेलेला नसणे हे सगळ्यात नेहमीचे कारण. मग आवाजाची बटणे पाहावीत, मग हेडसेट शेजारच्या आसनाच्या खोबणीत लावून पाहावा. तिथे चालला तर दोष विमानात आहे. एएनआरचे सेल संपले तर बहुतेक चांगले हेडसेट पॅसिव्हसारखे काम करत राहतात, रेडिओ ऐकू येतोच. आवाज अचानक वाढला म्हणून घाबरायचे कारण नाही. हे एकदा जमिनीवर बटण बंद करून स्वतः ऐकून घ्यावे. सुटे सेल बॅगेत असावेतच.

निगा

मे महिन्यात धुळ्याचे ऊन ४० अंशांच्या वर जाते, आणि बंद विमानाच्या काचेखाली त्याहून किती तरी जास्त. हेडसेट डॅशवर ठेवून जेवायला गेले की गादीचे कव्हर कडक होते, महिन्या-दोन महिन्यांत तडकते. पावसाळ्यात उलटा प्रकार : चलथाणच्या दमट हवेत बंद बॅगेत ठेवलेल्या फोमला बुरशीचा वास येतो. उड्डाणानंतर घाम पुसून, दहा मिनिटे सावलीत मोकळा ठेवून मगच बॅगेत घालावा. बॅगेत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात. नव्या चपलांच्या खोक्यातल्याही चालतात.

गाद्या ओल्या मऊ फडक्याने, लागल्यास थोड्या सौम्य साबणाच्या पाण्याने पुसाव्यात आणि लगेच कोरड्या कराव्यात. स्पिरिट किंवा सॅनिटायझर रोज लावल्याने कव्हर सुकते. माइकवर पाणी जाऊ देऊ नये. त्याची फोमची टोपी काढून वेगळी धुवावी आणि पूर्ण वाळल्यावर लावावी. घामासाठी कापडी कव्हर मिळतात. ती आरामदायी आहेत, पण जाड कापडाने गादीची पकड थोडी कमी होते, हे लक्षात ठेवून पातळच घ्यावीत.

प्लग काढताना वायर ओढू नये, प्लगच धरावा. हेडसेटचा मृत्यू बहुधा इथेच होतो, वायर प्लगपाशी आतून तुटते आणि मग हलवले की चालतो, सोडले की बंद. वायर सैल वेटोळ्यात ठेवावी, कपाभोवती आवळून गुंडाळू नये. पितळी प्लग काळवंडला की खरखर येते. कोरड्या फडक्याने घासून पुसला की बहुतेक वेळा जाते. फार दिवस वापरायचा नसेल तर एएनआरचे सेल काढून ठेवावेत, गळलेल्या सेलने डबी कायमची खराब होते.

गाद्या, माइकची टोपी, टाळूची पट्टी या झिजणाऱ्याच वस्तू आहेत. नियमित उड्डाण असेल तर दर सहा महिन्यांनी नीट पाहाव्यात. चीर पडली, चपट्या झाल्या किंवा दाबून सोडल्यावर पुन्हा फुगत नसतील तर बदलाव्यात. कंपनीच्या गाद्या महाग वाटतात, पण नवा हेडसेट घेण्यापेक्षा ते परवडते.

संस्थेचा सामायिक हेडसेट वापरावा लागत असेल तर निदान माइकची टोपी आणि कापडी कव्हरे आपली स्वतःची ठेवावीत. कानाचा संसर्ग झाल्यास काही दिवस उड्डाण थांबते, आणि सर्दीने कान बंद असताना तर उडूच नये.

खात्यात उभे राहणाऱ्यांसाठी

हा लेख वैमानिकांवर असला तरी आपल्या घरांत वैमानिक मोजके आणि माग चालवणारे पुष्कळ, म्हणून हे लिहिल्याशिवाय पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही.

आपल्या देशातील कारखान्यांच्या नियमांनुसार ९० डेसिबल आवाजात ८ तास, ९५ ला ४ तास, १०० ला २ तास आणि ११५ ला केवळ पाव तास थांबता येते. खात्यातली पाळी १२ तासांची असते. आवाजाने आलेला बहिरेपणा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत आहे. साखर कारखान्याच्या टर्बाइनजवळ काम करणाऱ्यांनाही हेच लागू होते.

कानात कापूस किंवा चिंधी कोंबल्याने जवळजवळ काहीच अडत नाही. मोबाइलला जोडायचे, आवाज कमी करणारे इअरफोन घालून मागावर उभे राहण्याची नवी पद्धत तरुणांत आली आहे. तीही उपयोगाची नाही, कारण धोट्याचा आवाज ठोक्यांचा, तीक्ष्ण असतो. एएनआर ज्या सलग घरघरीवर चालतो ती ही नव्हे. वर गाण्याचा आवाज वाढवला जातो तो वेगळाच. इथे लागतो तो साधा इअर मफ किंवा फोमचा इअर प्लग. इअर मफला वर सांगितलेले सगळे लागू : पूर्ण कान आत, फट नको, गादी तडकली की बदल.

फोमचा प्लग नुसता कानाच्या तोंडाशी ठेवून उपयोग नाही. स्वच्छ हातांनी तो बारीक वळावा, दुसरा हात डोक्यामागून घेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, प्लग आत सरकवावा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवावा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमू लागला म्हणजे बसला. पाकिटावर लिहिलेल्या आकड्याच्या निम्माच फायदा प्रत्यक्षात धरावा. म्हणजे २४ लिहिले असेल तर १०० चे ८८ होतील, ७६ नव्हे. तरीही २ तासांत होणारे नुकसान ८ तासांवर जाते. बारा तासांच्या पाळीला हेही कमीच पडते. म्हणून मधल्या सुट्टीत मशीनजवळ बसण्यापेक्षा बाहेर यावे.

जुना हेडसेट घेताना

परवाना मिळून नोकरीला लागलेली मुले पहिला हेडसेट विकतात. असा हेडसेट घ्यायला हरकत नाही, उलट पैसे वाचतात. घेताना दोन्ही प्लग विमानात लावूनच पाहावा, घरच्या टेबलावर नव्हे. वायर प्लगपाशी आणि कपापाशी वाकवून ऐकावे, खरखर किंवा तुटक आवाज आला तर सोडून द्यावा. पट्ट्याची पकड सैल झालेली नसावी. माइकची दांडी जिथे वळवाल तिथे थांबली पाहिजे, आपोआप खाली घसरू नये. एएनआर असेल तर सेलची डबी उघडून पाहावी, आत हिरवट-पांढरा थर दिसला तर सेल गळलेले आहेत. त्या मॉडेलच्या गाद्या अजून बाजारात मिळतात का, याची चौकशी आधी करावी. गाद्या मात्र कितीही चांगल्या दिसल्या तरी नव्याच घालाव्यात आणि तो खर्च किमतीत धरूनच भाव ठरवावा.